आयने काय घालायचं

सीब, मस्कत
१४ ऑक्टोबर २०२४

आणि माझे गुडघे तू मध्ये आणू नकोस, दादा.

"तिकडे स्वतःचे गुडघे झाकून फिरतोस आणि इथे आयने काय घालायचं ते शिकवतोस," असा मेसेज टाकलास आणि मी उत्तर टाईप करेपर्यंत ब्लॉक केलंस. ही कुठली पद्धत? भांडायचं तर समोर उभं राहून भांडावं. आता तुझा फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर एकच टिक येते. केलीला फोन करणार नाही, तुमच्या लग्नाच्या तोंडावर तिच्या डोक्याला ताप नको. फॅमिली ग्रूपवर तर एक शब्द टाकणार नाही, तिथे मामापासून मावशीपर्यंत सगळे मिटक्या मारत वाचतात. म्हणून कागद घेतलाय. पोस्टमन पालीत येईल, आयच्या हातात पाकीट देईल आणि आय ते तुझ्या ताटाशेजारी ठेवेल. कागदाला ब्लॉक करता येत नाही.

अक्षर बघून हसशील. हस. नववी नापास माणसाचं याहून चांगलं येत नाही.

आधी गुडघ्यांचं सांगतो, म्हणजे परत बोलायला नको. चौथ्या दिवशी आम्हाला मेडिकलला नेलं. कंपनीची व्हॅन, आत आम्ही नऊ जण. मी ती काळी बर्मुडा घातलेली, भाईंदर स्टेशनबाहेरून निघायच्या आदल्या दिवशी घेतली होती ती. नवीकोरी. दारावरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघेना, पायांकडे बघून "नो" म्हणाला. मी म्हटलं, "भाई, खून तो हाथ से निकालोगे ना? घुटने का क्या काम है?" तो पुन्हा "नो." मागची लाईन हसायला लागली. मग आमच्या लॉन्ड्रीतले दत्ताराम काका, मालवणचे, बावीस वर्षं इथे इस्त्री करतायत, ते मला व्हॅनमागे घेऊन गेले आणि पिशवीतली स्वतःची पँट काढून दिली. त्यांची कंबर चाळीस, माझी अठ्ठावीस. दोन्ही हातांनी पँट धरून आत गेलो. नर्स म्हणाली, हात पुढे कर. कुठला हात सोडू, सांग.

हे तुला विनोद वाटेल. मला नाही वाटला. पालीत जन्मल्यापासून मी अर्ध्या चड्डीत वाढलो. पप्पा होडीवर उघडे, काका उघडे, आपल्या गल्लीत पँट घातलेला माणूस दिसला की लोक विचारतात, काय रे, कोण वारलं? आणि इथे शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं तर मालक बोट दाखवतो. बेचाळीस डिग्रीत. लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्र्या चालू असताना.

दुसरी गोष्ट ऐक. शुक्रवारी सुट्टी असते. समुद्रावर गेलो. समुद्र तरी आपला आहे असं वाटलं. पंधराएक माणसं किनाऱ्यावरून जाळं ओढत होती, दोन बाजूंना दोन दोर. माझे हात शिवशिवले. कोणाला न विचारता शर्ट काढला, पँट मांडीपर्यंत दुमडली आणि दोराला लागलो. तीन हिसके मारले असतील. पुढच्या माणसाने मागे वळून बघितलं आणि दोर वाळूत टाकला. मग त्याच्या पुढच्याने. मग सगळ्यांनी. मी एकटाच वेड्यासारखा ओढतोय. एक म्हातारा आला, माझा शर्ट वाळूतून उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला. जाळ्यात मासळी उडतेय, लाट ते परत आत खेचतेय आणि पंधरा माणसं माझी बटणं लागायची वाट बघत उभी. स्वतः ते सगळे गळ्यापासून घोट्यापर्यंत कपड्यात, पाण्यात भिजून चिंब. मी शर्ट घातला आणि चालता झालो. ओढा म्हटलं तुमचं तुम्ही.

तर हो, गुडघे झाकून फिरतोय. पोटासाठी फिरतोय. काशीमीऱ्याचं गॅरेज सोडलं, गोडाऊन सोडलं, रिक्षा सोडली, म्हणून तू सगळ्यांना सांगत असतोस ना की ग्लेन कुठे टिकत नाही? इथे टिकून दाखवतो. पण मला इथे कोणी सांगतं म्हणून मी आयला सांगतोय, हे तू कुठून काढलंस? मी उलट सांगतोय. तिला तिचं लुगडं नेसू दे.

मी ग्रूपवर लिहिलं तरी काय? एवढंच, की आय गाऊनमध्ये कशी दिसेल याचा विचार केलास का, हॉलभर लोक तोंडावर रुमाल धरून हसतील, तिला लुगड्यातच राहू दे. यात शिवी कुठे आहे? तूच जाहीर केलंस, "आय लग्नात गाऊन घालणार आहे." आयने आयुष्यात कधी गाऊन घातलाय? साठीला आलेली बाई. नऊवारी लुगडं नेसून डोक्यावर टोपली घेऊन तिने आपल्याला वाढवलं. हे डोकं केलीच्या मम्मीचं असणार. मीरा रोडची माणसं, त्यांना फोटोत मासळीवाली विहीण नको.

टॅनियाने मला सगळं सांगितलंय. शेजारी राहते, तिला दिसतं. आय म्हणते, देवळात, फादरच्या मिस्सेला येईन आणि घरी जाईन, काशीमीऱ्याच्या हॉटेलात येणार नाही. तुझ्या लग्नात तुझी आई जेवायला नसणार, दादा. पप्पा नाहीत, आय पण नाही. नवऱ्याच्या बाजूला कोणाला उभं करशील, फोटोग्राफरला?

मी येणार नाहीच. तू बोलावलंस कुठे?

ग्लेन

सीब
२ नोव्हेंबर २०२४

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणार.

इथे काय झालं ते वाच आणि मग मला सांग, कपड्याला किंमत असते की नसते.

पहिले दोन महिने मला हॉटेलच्या चादरी दिल्या होत्या. चादरीला डोकं लागत नाही. मग एके दिवशी घडीच्या टेबलावर बसवलं. त्या दिवशी एका घरचे अकरा झगे आले, लग्नाचे. इथले पुरुष घालतात तो घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, डिशडाशा म्हणतात. सगळे टेलरकडून नवे शिवून आलेले, फक्त धुऊन कडक इस्त्री करून द्यायचे. इस्त्री होऊन माझ्यासमोर आले. बघतो तर प्रत्येकाच्या गळ्यापाशी दोऱ्यांचा एक झुबका लोंबतोय, वीतभर. मी म्हटलं, काय टेलर आहे, शिवून झाल्यावर टोकं पण कापत नाही.

तुला आठवतं ना, पप्पा जाळं दुरुस्त करायला बसवायचे तेव्हा? गाठ मारली की लोंबतं टोक कापायचं. एक राहिलं की मुस्काटात. "टोक राहिलं की त्यात दुसरं अडकतं." माझे हात तेच शिकलेत. कात्री घेतली आणि अकराच्या अकरा साफ केले. एकदम गळ्यालगत, सफाईदार. वर मालक शाबासकी देईल म्हणून दोऱ्यांचा ढीग टेबलावर मांडून ठेवला.

दत्ताराम काकांनी बघितलं आणि त्यांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "झिला," म्हणाले, "ह्या काय केलंस? ता टोक नाय रे, गोंडो तो!"

मालक आला. "ये किसने किया?"

"मैंने. साफ किया."

"साफ किया?" तो दोनदा बोलला. मग डोक्यावर हात मारून घेतला.

तो गोंडा मुद्दाम असतो, दादा. त्याला अत्तर लावतात. इकडचा माणूस गोंड्याशिवायचा झगा घालून लग्नात जाणं म्हणजे काय, ते काकांनी मला सांगितलं, पण नीट मराठीत सांगता येण्यासारखं नाही ते. अनवाणी गेल्यासारखं समज. आणि हे मला आधी कोणी सांगितलं का? शर्टाचं बटण लाव हे रोज सांगतात. गुडघे झाक हे सांगतात. गळ्याला लोंबतंय ते कापू नकोस, हे सांगायला एकाचं तोंड उघडलं नाही आणि चूक कोणाची, तर माझी!

संध्याकाळी तो माणूस झगे न्यायला आला. नासर नाव त्याचं, मुलाचं लग्न होतं. मी म्हटलं, आता मारणार. त्याने एक झगा उचलला, सवयीने गळा नाकापाशी नेला आणि थांबला. मग दुसरा उचलला. असे अकरा. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने अरबीत मालकाला काहीतरी विचारलं, काकांनी मला सांगितलं, "ह्यो पोरगो आंधळो आसा काय, म्हणान विचारता."

माझं डोकं सटकलं. आंधळा? मी म्हटलं, काका, त्याला सांगा, हे हात सात वर्षांचे होते तेव्हापासून गाठी मारतायत. दोरा द्या, उद्या संध्याकाळपर्यंत अकरा गोंडे लावून देतो. काकांनी सांगितलं की नाही माहीत नाही, पण मालक म्हणाला, नहीं बनेगा तो टिकट काटूँगा तेरा.

समोरच्या टेलरने दोरा दिला आणि एकदा करून दाखवला. माझा पहिला गोंडा जाळ्याच्या बुचासारखा झाला. टेलर एवढा हसला की त्याचा चहा सांडला. चौथ्यापासून जमायला लागला. दुसऱ्या दिवशी नासर आला, एकेक बोटांत धरून बघितला, दोन परत केले. "ये टेढ़ा. ये भी." ते मी पुन्हा बनवून दिले. तेव्हा कुठे घेऊन गेला. शुक्रिया नाही, काही नाही. नोकरी राहिली. पगार पूर्ण आलाय, आयला सांग काळजी करू नको.

आता तू सांग. त्या माणसाने एका झुबक्यासाठी माझा जीव खाल्ला. वाकडा चालेना त्याला. कोण मोठा माणूस आहे तो? माझ्यासारखाच, मासळी बाजारात बर्फ विकतो. पण आपल्या कपड्यातला एक दोरा त्याने सोडला नाही. आणि तू? तू आयच्या अंगावरून अख्खं नऊवार उतरवायला निघालास, हॉटेलच्या फोटोसाठी. मी चुकून कापलं. तू समजून उमजून कापतोयस.

ह्याचं उत्तर दे.

ग्लेन

सीब
२३ नोव्हेंबर २०२४

पाकीट आलं. पाकिटावर अक्षर तुझं, आत फक्त पत्रिका. मी पत्रिका झटकली, पाकीट फाडून उलटं केलं, म्हटलं एक चिठ्ठी तरी असेल. दोन पत्रं लिहिली मी, सहा कागद, दोन्ही बाजूंनी. तुला एक ओळ जड झाली?

पत्रिका चांगली आहे. कागद जाड आहे. रविवार एकोणीस जानेवारी. 'ॲशली आणि केली', तुमची नावं सोनेरी. खाली बेस्ट मॅन म्हणून माझं नाव.

हे कधी छापलंस? भांडणाआधी की नंतर? एवढं तरी सांग. आधी छापलं असेल आणि फेकायला जीव होईना म्हणून पाठवलं असेल, तर तसं सांग, मला राग नाही. नंतर छापलं असेल तर मग ब्लॉक काढ ना, माणसा! एका हाताने नाव छापतोस आणि दुसऱ्या हाताने दार लावतोस.

काकांना पत्रिका दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, हॉटेलच्या पत्त्यासकट. "बेस्ट मॅन म्हणजे करवलो मां?" म्हणाले. "मग जातलंस कधी?" मग स्वतःच म्हणाले, "तुका आजून चार म्हयने पण नाय झाले. रजा मागशीत तर मालक कायमची देतलो."

खरं कारण ते आहे, दादा. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू बोलावलं नाहीस म्हणून येत नाही. ते खोटं होतं. वर्ष झाल्याशिवाय सुट्टी नाही आणि हे मला निघतानाच माहीत होतं. कागदावर सही करताना वाचून दाखवलं होतं. तुझ्या लग्नाची तारीख तेव्हा ठरत होती. मी तरी सही केली. तेव्हा तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस आणि मला पालीत आणखी एक महिना राहवत नव्हतं. पप्पांची होडी विकायला तुला एकट्याला उत्तनला पाठवलं तेही त्यासाठीच. मला ती दुसऱ्याच्या हातात जाताना बघायची नव्हती. तू बघितलीस.

बेस्ट मॅनचा कोट कोणाला तरी घाल. पण आयला घरी बसवून लग्न करू नकोस. मी नाही म्हटल्यावर निदान ती तरी पाहिजे. तिला म्हण, लुगडं नेसून ये, सोन्याचं काय आहे ते सगळं घाल, पुढच्या टेबलावर बस. हसेल त्याचे दात मी सुट्टीवर आल्यावर पाडीन.

लिही रे काहीतरी.

ग्लेन

सीब
१० डिसेंबर २०२४

तू मला सांगितलं का नाहीस?

दोन महिने! दोन महिने मी तुझ्या नावाने शंख करतोय, केलीच्या मम्मीला नावं ठेवतोय, कागदावर कागद भरतोय आणि तू सगळं वाचून ताटाशेजारी तसंच ठेवून देतोयस? आपलं नाव सांगायचं नाही अशी आयने शपथ घातली होती, टॅनिया म्हणते. घातली असेल. पण एवढी शपथ पाळायची, की सख्ख्या भावाला गाढव होऊ द्यायचं?

शनिवारी टॅनियाच्या फोनवरून आयचा व्हॉइस मेसेज आला. सात मिनिटांचा. तू ऐकला आहेस की नाही मला माहीत नाही, म्हणून जसा आठवतो तसा लिहितो. चार वेळा ऐकलाय. मागे कावळे ओरडतायत, बोंबील वाळत घातले असणार, मध्येच ती कोणाला तरी हाकलते.

"ग्लेन, आय बोलतय. टॅनिया म्हनते बोल, त मी बोलतय. तुमी दोघा माज्या आंगावरच्या कपऱ्यावरून भांडता, आनी मना एकानी पन इचारला न्हाय. गाऊन मना पायजे व्हता. ॲशलीला न्हाय, केलीच्या आयला न्हाय. मना. मी केलीला सांगितला, कोनाला बोलू नको, मना एक गाऊन शिवायचा हाय. ती पोर मना खारीला घेऊन गेली, मिनलकडं. मिनलनी माप घेतला. रंग मी बगितला, निला, आपल्या देवलातल्या माऊलीच्या शालीसारका. बाही कोपरापरयंत. आनी आतशी खिसा लावाया सांगितला मी, मोबाईल ठेवाया. मिनल हसली, म्हनते, आंटी, गाऊनला खिसा नसतो. मी म्हनला, माज्या गाऊनला हाय."

मग ती कावळ्यांना हाकलायला उठली. मला वाटलं संपलं.

"माज्या लग्नात सासूनी लाल लुगरा दिला. तुजी व्हेरा मावशी, माजी मोठी बहीन, तिच्या लग्नात तिला पांढरा गाऊन व्हता, मुंबयशी आनलेला. मी दहा वरसाची, मागशी तिच्या गाऊनचा शेपटा धरून चाललेली. तवाच मी म्हनलेला, मना पन. मंग ऱ्हायला. लुगऱ्याची मना लाज न्हाय, समजला? लुगरा नेसून मी तुमाला मोठा केला. पन एक दिस मना गाऊन घालायचा व्हता, पोराच्या लग्नात. आनी मंग टॅनियानी तुजा मेसेज वाचून दाखवला. लोक रुमाल धरून हसतील. ते आयकला आनी मी मिनलला फोन केला, म्हनला, ठेव तुज्याकडंच, मना नको."

झालं. शेवटी "नीट जेव" म्हणाली आणि टॅनियाने बंद केलं.

म्हणजे ती काशीमीऱ्याच्या हॉटेलात येणार नव्हती ती तुझ्यामुळे नाही. केलीच्या मम्मीमुळे नाही. केलीच्या मम्मीला मी काय काय बोललो, ते तू तिला दाखवलं नसशील अशी आशा करतो. दाखवलं असशील तर मी बोलेन तिच्याशी.

आणि लोक हसतील म्हणे. कोण लोक? दादा, एक सांगतो, हे कागदावरच राहू दे. तो मेसेज टाईप करताना मलाच हसू आलं होतं. आय गाऊनमध्ये, डोळ्यासमोर आणली आणि मी फिसकन हसलो. मग ते लोकांच्या नावावर घातलं.

शनिवारीच टॅनियाला फोन लावला, म्हटलं, आयला दे. आय आली. मी म्हटलं, "आय, आत्ताच्या आत्ता खारीला जा आणि गाऊन घेऊन ये. गाऊनच घालायचा." ती म्हणाली, "तवा वरडत व्हतास लुगराच नेस, आता वरडतोस गाऊनच घाल. तुजा काय हाय रे? तू हाय कोन?" आणि फोन टॅनियाला देऊन टाकला. टॅनिया म्हणते, "ग्लेन, तू ना, गप्प बस थोडा वेळ." मी गप्प बसलो. दोन दिवस. माझ्यासाठी ते किती आहे तुला माहीत आहे.

सोमवारी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवून ऐकलं. म्हणाले, "माफी मागलंस?" मी म्हटलं, फोनवर कशी मागू, ती फोन देऊन टाकते. ते म्हणाले, "फोनार नको. जंय बोललंस थंयच माग. चार लोकांत बोललंस, चार लोकांत माग." मला राग आला. त्या ग्रूपवर एकेचाळीस माणसं आहेत. मामाची मुलं आहेत, ती अजून मला नववी फेल म्हणतात. तिथे माफी?

पण मेसेज टाकला. तू बघितला असशील, ग्रूपवर ब्लॉक चालत नाही. घाईत टाकलाय, चुका आहेत, टॅनियाने सुधारून परत टाकू का विचारलं, मी नको म्हटलं. लिहिलं की गाऊन आयला स्वतःला हवा आहे, ॲशलीने किंवा कोणी सांगितलं म्हणून नाही. लोक हसतील ते शहाणपणा करून मी बोललो. हॉलमध्ये कोणी रुमाल काढला तर तो माझ्यासाठी काढा, मी मस्कतला चाळीस कंबरेची पँट दोन्ही हातांनी धरून फिरतोय. आणि काकांनी काढलेला तो मेडिकलच्या दिवसाचा फोटो टाकला. तो फोटो मी कोणालाच दाखवणार नव्हतो.

मग मामाच्या पोरांनी हसण्याच्या ओळीच्या ओळी टाकल्या. मग व्हेरा मावशीने आवाज पाठवला, "शेपटा तेव्हा तिने धरलेला, आता मी धरीन." आणि मग तुझा अंगठा आला. नुसता अंगठा, शब्द नाही. पण तुझा.

आज सकाळी टॅनियाचा मेसेज. आयने सगळं ऐकलं, मावशीचं दोनदा, आणि फोटो मोठा करून बघितला. मग विचारलं, मिनल गाऊन किती दिवस ठेवते. टॅनियाने तिथूनच फोन लावला. गाऊन तयार आहे, उरलेली शिलाई दिली की न्यायचा. आय म्हणाली, "ती ग्लेन भरंल. नको मीच म्हनलेला, पन कोनामुलं?" आणि बोंबील उलटायला गेली.

तर मी भरतोय. दुसऱ्या पत्रात पगार पूर्ण आला लिहिलं तेही खोटं होतं, गोंड्यांचे वीस रियाल कापलेत, म्हणून यावेळी एवढेच जमतील. आयच्या खात्यात टाकले तर ती काढणार नाही, साठवून ठेवेल, म्हणून तुझ्या खात्यात टाकलेत. तू स्वतः तिला स्कूटरवर बसवून खारीला ने. तिथे घालून बघू दे, बाही घट्ट झाली तर मिनलकडून तिथल्या तिथे सोडवून घे. तू बाहेर थांब. ती बाहेर आली की हसू नकोस. काही बोलूही नकोस, ती काय म्हणते ते आधी ऐक. आणि मग मला फोन कर, ब्लॉक काढून कर.

एक्स्चेंजमधून आज दुपारी पाठवलेत. पंधरा रियाल. तुझ्याकडे तीन हजार दोनशे साठ रुपये येतील.

ग्लेन